हौदातल्या गोल्डफिशच्या अंगावर हे काय उगवलंय?

बोरीकाठ | ९ जानेवारी, रात्री ९:५०

मंडळी, मदत हवी आहे. अमळनेरला आमच्या घरासमोर सिमेंटचा जुना हौद आहे. सासऱ्यांनी म्हशींना पाणी पाजायला बांधला होता. म्हशी गेल्या, हौद राहिला. अंदाजे ३००० लिटरचा असेल. चार वर्षांपूर्वी त्यात कमळ लावलं, मग डास नकोत म्हणून गोल्डफिश सोडले. आता अकरा आहेत. सगळ्यात मोठी शेपटीसकट वीतभर. पाणी बोअरचं.

थंडी वाढली तेव्हापासून तिघांच्या अंगावर काहीतरी उगवलंय, आणि तिघांवर तीन तऱ्हेचं. मोठ्या नारिंगीच्या शेपटीच्या टोकाला आणि पाठीवर पांढुरका-गुलाबी जाडसर थर आलाय. पांढऱ्या-लाल माशाच्या गालफडांवर बारीक पांढरे दाणे आहेत. आणि दिवाळीनंतर आणलेल्या छोट्याच्या पोटाशी एक दोरा लोंबतोय. आधी मला विष्ठा वाटली, पण तीन दिवस झाले तरी तो तिथेच आहे.

जिथून छोटा आणला त्या दुकानात फोन केला (नाव घेत नाही). फोटो न बघताच म्हणाले, "बुरशी आहे, निळं औषध टाका." टाकू का? तिघेही खातात-पितात, फिरतात. फोटो जोडलेत.

केळीचा_घड | ९ जानेवारी, रात्री १०:०२

फोटो दिसत नाहीयेत.

भरीतप्रेमी | ९ जानेवारी, रात्री १०:१०

मलाही नाही. पण जानेवारीची थंडी, अमळनेर आणि हौदाचा काठ एवढं वाचून पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी... माशांचं नंतर बघू.

बोरीकाठ | ९ जानेवारी, रात्री १०:३१

पुन्हा चढवलेत. बघा आता.

केळीचा_घड | ९ जानेवारी, रात्री १०:३५

दिसले. ताई, पहिल्या फोटोत तुमचा अंगठा आहे, दुसऱ्यात कमळाचं पान. तिसऱ्यात एक नारिंगी वस्तू जोरात पळतेय, तो मासा असावा.

शंकासुर | १० जानेवारी, सकाळी ७:१५

एवढा विचार कशाला? खडेमीठ टाका. लिटरला ३ ग्रॅम. निम्मे रोग मिठाने जातात, उरलेले आपोआप. वीस वर्षं मासे पाळतोय.

बोरीकाठ | १० जानेवारी, सकाळी ८:४०

३००० लिटरला ३ ग्रॅमप्रमाणे नऊ किलो झालं हो. एवढ्यात आमचं वर्षभराचं लोणचं होतं. शिवाय कमळाचं काय?

शंकासुर | १० जानेवारी, सकाळी ८:५५

कमळ मरेल. मासा हवा की कमळ, ते ठरवा.

पांझराकाठ | १० जानेवारी, दुपारी १:२०

थांबा, थांबा. मी उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, सध्या धुळ्यात आहे. औषधाचं नाव काढण्याआधी मासा नीट बघू या. तिघांवर तीन वेगळ्या गोष्टी असतील तर एकच औषध तिघांना कसं लागू पडेल?

आधी एक करा. पांढरा प्लास्टिकचा टब घ्या, त्यात हौदाचंच पाणी भरा, मासा जाळीत न लटकवता ओल्या हातांनी किंवा भांड्याने पाण्यासकट उचलून टबात सोडा. वरून नको, बाजूने टॉर्च मारा. भिंग असेल तर उत्तम. मग हे बघा:

गाठ गुळगुळीत आहे की केसाळ? कापसासारखी तंतुमय, पाण्यात हलणारी असेल तर बुरशी. ती बहुतेक वेळा आधीच्या जखमेवर बसते. कापसासारखं तोंडाभोवती दिसलं आणि मासा मरगळला असेल तर ती बुरशी नसून जिवाणूही असू शकतात. तो प्रकार गरम पाण्यात फार वेगाने पसरतो. मेणबत्तीचं मेण गळून थिजावं तशी गुळगुळीत असेल तर गोष्ट वेगळी.

दाणे कुठे आहेत? फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर ओळीने असतील तर एक अर्थ. सगळ्या अंगावर, शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे विखुरलेले असतील आणि मासा भिंतीला अंग घासत असेल तर दुसरा.

दोऱ्याच्या टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे आहेत का, आणि जिथून तो निघतो तिथे लाल झालंय का, तेही बघा.

निळं औषध तूर्त बाटलीतच राहू द्या.

चोपड्याची_मावशी | १० जानेवारी, दुपारी ३:०५

पांझराकाठ यांचं बरोबर आहे. मासाले व्हयनं काय, नि औषध टाकतस काय! माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी बोअरचा पाइप थेट टाक्याच्या तळाशी सोडला, रात्रभर भरू दिलं. सकाळी बघते तर माशांच्या परांमध्ये, शेपटीत फोड. काचेच्या बारीक मण्यांसारखे, उन्हात चमकणारे. एकाच्या डोळ्यातही होता. मी म्हटलं कांजिण्या आल्या. हळद लावायच्या बेतात होते!

पांझराकाठ | १० जानेवारी, दुपारी ३:४०

मावशी, ते हवेचे बुडबुडे. जमिनीखाली दाबाखालच्या पाण्यात वायू जास्त विरघळलेले असतात. ते पाणी वर आलं की वायू सुटायला लागतात, आणि मासा त्यातच असेल तर त्याच्या रक्तात, परांत बुडबुडे धरतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. बोअरचं पाणी उंचावरून दगडावर आपटत पाडायचं, किंवा वेगळ्या टाकीत रात्रभर ठेवून मग सोडायचं. औषध काहीच नाही.

चोपड्याची_मावशी | १० जानेवारी, दुपारी ४:१५

हो, मी पाटा ठेवला पाइपाखाली. पुन्हा नाही झालं. मिक्सर आल्यापासून पाट्याला तेवढंच काम उरलंय.

भुसावळ_जंक्शन | १० जानेवारी, संध्याकाळी ७:३०

माझी फजिती ऐका. रेल्वे क्वार्टरच्या मागे छोटं टाकं आहे. एकाने बदली झाली म्हणून जाताना दोन मासे दिले. त्यातल्या एकाच्या डोक्यावर महिन्या-दोन महिन्यांत भुरभुरीत गाठी यायला लागल्या, रास्पबेरीसारख्या. मी घाबरून त्याला वेगळं काढलं, तीन आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवलं. गाठ वाढतेय, मासा मजेत. शेवटी जळगावला एकाला दाखवला तर तो हसून लोळायचा बाकी. "साहेब, हा ओरंडा आहे. या गाठीचेच तर पैसे घेतात!"

केळीचा_घड | १० जानेवारी, संध्याकाळी ७:४५

म्हणजे लग्नातल्या पाहुण्याचा फेटा तुम्ही सूज समजून उतरवत होतात.

पांझराकाठ | १० जानेवारी, रात्री ८:१०

:) ओरंडा, लायनहेड, रांचू यांच्या डोक्यावर ती वाढ मुद्दाम पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेली आहे. चीनमध्ये सोंग राजवटीपासून, म्हणजे हजारेक वर्षं गोल्डफिश तळ्यांत पाळतात. ती वाढ चालू असताना मध्ये मध्ये पांढुरके ठिपकेही दिसतात, त्यालाही लोक पू समजतात. वाढ डोळ्यांवर आली तरच काळजी. कापायचा खटाटोप घरी करू नये.

गिरणेची_लेक | १० जानेवारी, रात्री ८:५०

भाषेचं अवांतर: डोक्यावरच्या अशा निरुपद्रवी गाठीला आपल्याकडे 'आवाळू' असा सरळ शब्द आहे. आमच्या आजोबांच्या कपाळावर होतं. ते म्हणायचे, "याच्यात माझी बुद्धी साठवलेली आहे." ओरंड्याला 'आवाळूवाला मासा' म्हणायला काय हरकत आहे?

भरीतप्रेमी | १० जानेवारी, रात्री ८:५८

चामखीळ, मस, आवाळू, पुटकुळी, गळू, केस्तूड... मराठीत गाठींची एवढी श्रीमंती आहे आणि आपण सगळ्याला 'फंगस' म्हणतो.

कोथरूडचा_कोई | १० जानेवारी, रात्री ११:२०

मी कोई, म्हणजे रंगीत कार्प मासे, पाळतो. पहिल्या माशाचं वर्णन वाचून मला तरी कार्प पॉक्स वाटतोय. पण तो कोई आणि कार्पना होतो. गोल्डफिशना नाही. त्यामुळे लिम्फोसिस्टिस हा गाठींचा विषाणूरोग असावा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो तो.

पांझराकाठ | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

कोई साहेब, उलट आहे. लिम्फोसिस्टिस इतर बऱ्याच माशांना होतो, पण कार्पच्या कुळात, म्हणजे कोई-गोल्डफिशमध्ये तो धरायचा नसतो. कार्प पॉक्स मुळात कार्प-कोईचा हे खरं, पण गोल्डफिशवरही तसं दिसल्याचं नोंदलेलं आहे. हर्पीसच्या कुळातला विषाणू आहे. पाणी गार झालं, माशाची प्रतिकारशक्ती मंदावली की वर येतो. ऊन वाढलं की ओसरतो, पण अंगातून जात नाही. पुढच्या थंडीत पुन्हा येऊ शकतो. माणसाला होत नाही.

कोथरूडचा_कोई | ११ जानेवारी, सकाळी ९:४०

बरं, लिम्फोसिस्टिसचं मागे घेतो. बाकी मत कायम. फोटोत अंगठा दिसत असताना इतक्या ठामपणे कोणीच बोलू नये, मीही.

शंकासुर | ११ जानेवारी, सकाळी १०:००

मग त्यावर औषध काय?

पांझराकाठ | ११ जानेवारी, सकाळी १०:०४

काही नाही.

शंकासुर | ११ जानेवारी, सकाळी १०:०५

मग एवढं शिकून उपयोग काय झाला?

पांझराकाठ | ११ जानेवारी, सकाळी १०:२२

उपयोग एवढाच की कोणी नखाने खरवडायला जाणार नाही. खरवडलं की जखम होते, जखमेवर खरी बुरशी बसते, आणि मग दुकानदार म्हणतो, "बघा, मी सांगितलं नव्हतं?"

नंदुरबारी | ११ जानेवारी, दुपारी १२:४५

दोऱ्याबद्दल लिहायला आलो, कारण ती चूक मी केलीय. शेततळ्यात हौस म्हणून तीस-पस्तीस गोल्डफिश सोडले होते. अंगावर असेच दोरे आले. गावातल्या एका हुशार माणसाने सांगितलं, किडाच आहे ना, मग कपाशीवर मारतो ते औषध झाकणभर टाक. टाकलं. संध्याकाळपर्यंत मासे गोल गोल फिरायला लागले, सकाळी सगळे पांढरी पोटं वर करून काठाला. बेडूक पण गेले. त्या तळ्याचं पाणी मिरचीला द्यायचं होतं, तेही दिलं नाही. बायको अजून त्या कडेने जाताना माझ्याकडे बघते.

पांझराकाठ | ११ जानेवारी, दुपारी १:३०

वाईट वाटलं वाचून. तो दोरा म्हणजे ज्याला अँकर वर्म म्हणतात तो असावा. नावात वर्म असलं तरी अळी नाही, झिंगे-खेकड्यांच्या गोतावळ्यातला जीव आहे. मादी डोकं माशाच्या मांसात नांगरासारखं रुतवते आणि बाहेर फक्त धड लोंबतं. टोकाचे दोन फाटे म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. गोम अशी की मासाही त्याच विषाने मरतो, आणि झिंग्यासारख्या जिवाला मारणारं शेतातलं औषध पाण्यात किती टाकायचं याचा अंदाज झाकणाने येत नाही.

बोरीकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:१५

आज सगळा कारभार केला. पांढरा टब नव्हता, म्हणून सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ काढलं...

पांझराकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:१७

ताई, तांबं नको!! तांब्याचे क्षार पाण्यात उतरले की माशांना विष होतात. मासा त्यात आहे का आत्ता?

बोरीकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:२४

वाक्य पुरं तर करू द्या. घंगाळ काढलं, सासूबाईंनी हातातून काढून घेतलं. "माझ्या लग्नातलं आहे, त्यात मासे?" मग नातवाचा आंघोळीचा टब मिळाला. पांढरा नाही, पिवळा, बदकांचं चित्र असलेला.

केळीचा_घड | ११ जानेवारी, रात्री ९:२६

सासूबाईंना मत्स्यरक्षणाचं पदक द्या.

बोरीकाठ | ११ जानेवारी, रात्री १०:१०

तर निरीक्षणं. पाण्याचं तापमान सकाळी १४ होतं (मुलाचा ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, प्रयोगशाळेतला आणला).

मोठी नारिंगी: थर अगदी गुळगुळीत. पणतीच्या कडेला मेण ओघळून थिजावं तसा. कुठे दुधी, कुठे आतून गुलाबी. एकही तंतू नाही. शेपटीच्या काड्यांच्या मधून तो असा पसरलाय की कडेला भिंगातून बघितलं तर अर्धपारदर्शक दिसतो. खवले कुठे उचललेले नाहीत.

पांढरा-लाल: दाणे फक्त दोन्ही गालांवर, आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला करवतीच्या दातांसारखे. बाकी अंग स्वच्छ.

छोटा: दोरा साधारण सेंटिमीटरभर, टोकाला दोन फाटे आहेत! बुडाशी लाल टिकली.

पांझराकाठ | ११ जानेवारी, रात्री १०:३०

एवढं नीट पाहणारा माणूस भेटला की अर्धं काम झालं. पांढरा-लाल ठणठणीत आहे. तो नर आहे आणि वयात आलाय. विणीच्या हंगामात नरांच्या गालांवर ते दाणे येतात. हंगाम सरला की बहुधा जातात, काही जुन्या नरांत राहतातही. निळं औषध टाकलं असतं तर बिचाऱ्याच्या मिसरूडाला रोग म्हटल्यासारखं झालं असतं.

नारिंगीला काही करू नका. पाणी स्वच्छ ठेवा, थंडीत खाणं कमी द्या, उरलेलं काढून टाका.

छोट्याचा दोरा काढावा लागेल. ओल्या कपड्यात धरा, माशाचे डोळे झाका, चिमट्याने अगदी बुडाशी पकडून शेपटीच्या दिशेने सावकाश ओढा. मधून तुटला तर डोकं आत राहतं आणि पिकतं. मग कापसाने पोव्हिडोन आयोडीनचा एक ठिपका, कल्ल्यांपासून लांब. पंधरा-वीस सेकंदांत पुन्हा पाण्यात. त्याला महिनाभर वेगळ्या टबात ठेवा. तिथे शंकासुरांचं मीठ चालेल, जखमेला बरं. १०० लिटरला ३०० ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसांत थोडं थोडं.

शंकासुर | ११ जानेवारी, रात्री १०:४१

शेवटी मीठच.

बोरीकाठ | १३ जानेवारी, दुपारी ४:००

काढला. मिस्टरांनी मासा धरला, मी चिमटा. त्यांचे हात माशापेक्षा जास्त थरथरत होते. निघताना किंचित टचकन जाणवलं, आणि टोकाला खरंच बारीक नांगर होता. पांढऱ्या बशीत ठेवून भिंगाखाली अख्ख्या घराने बघितला. सासूबाईंनी बशी फेकून दिली.

भुसावळ_जंक्शन | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

पण त्याची पिल्लं हौदात असतील ना?

पांझराकाठ | १३ जानेवारी, रात्री ८:००

असू शकतात. गार पाण्यात त्यांची वाढ जवळजवळ थांबते, ऊन वाढलं की २५-३० अंशांत अडीच-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. म्हणून फेब्रुवारीपासून दर आठवड्याला प्रत्येक माशावर नजर. नवा दोरा दिसला की लगेच काढायचा, अंडी पडायच्या आत. फारच वाढले तर मला कळवा, तेव्हा औषधाचं बघू. आणि नवा मासा, नवी वनस्पती महिनाभर वेगळी ठेवल्याशिवाय हौदात नाही.

कोथरूडचा_कोई | २ मार्च, रात्री ९:३०

धागाकर्त्या, पुढे काय झालं? कुतूहल आहे. (माझं मत चुकलं असेल तर मोठ्या अक्षरात लिहू नका.)

बोरीकाठ | ४ मार्च, सकाळी ११:१५

पाणी आता सकाळी २२. नारिंगीच्या पाठीवरचा थर निम्मा झालाय, कडेने विरघळल्यासारखा. शेपटीवरचा अजून आहे. फेब्रुवारीत अजून दोन दोरे सापडले, दोन्ही काढले. त्यानंतर नाही. आणि पांढरा-लाल पहाटेपासून नारिंगीच्या मागे लागतो, हौदात नुसती धावपळ. कमळाच्या देठांना साबुदाण्याहून बारीक, पारदर्शक दाणे चिकटलेत. ही पण गाठच का?

पांझराकाठ | ४ मार्च, सकाळी ११:४०

अभिनंदन, ती अंडी आहेत. देठ कापून वेगळ्या टबात ठेवा, नाहीतर आईबापच फराळ करतील.

फैजपूरचा_पाहुणा | १० एप्रिल, दुपारी २:१०

धागा वर काढतोय. माझ्या आठ वर्षांच्या माशाच्या बाजूला काळसर-लाल गाठ आहे, वाटाण्याएवढी होती, वर्षभरात बोराएवढी झाली. थंडीत आली नाही, उन्हात गेली नाही.

पांझराकाठ | १० एप्रिल, रात्री ९:००

एकच, घट्ट, ऋतूचा संबंध नसलेली, सावकाश वाढणारी: म्हातारपणाची खरी गाठ असू शकते. गोल्डफिशना त्वचेच्या गाठी बऱ्यापैकी होतात आणि बरेच मासे त्या घेऊन वर्षानुवर्षं जगतात. गुंगी देऊन काढताही येते. २०१४ मध्ये मेलबर्नच्या पशुवैद्यांनी जॉर्ज नावाच्या गोल्डफिशच्या डोक्यावरची गाठ काढली होती, पाऊण तास लागला, खर्च २०० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. तुमचा खातो-पोहतो आहे तोवर मी हात लावणार नाही. तोंडाच्या, कल्ल्याच्या किंवा गुदाच्या आड आली तर पशुवैद्यांना दाखवा.

केळीचा_घड | १० एप्रिल, रात्री ९:१२

२०० डॉलर! आमच्याकडे एवढ्यात केळीचा अख्खा ट्रॅक्टर भरून मजूर मिळतात.

बोरीकाठ | १६ एप्रिल, रात्री ८:३०

शेवटचं अपडेट. वर हिरवी जाळी बांधलीय, तरी पाणी दुपारी ३० च्या पुढे जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो म्हणून छोटा पंप लावून कारंजं केलंय. नारिंगीची पाठ साफ. शेपटीला एक तांदळाएवढा ठिपका राहिलाय. टबात चाळीसेक पिल्लं आहेत, पण सगळी मातकट काळपट. सासूबाई म्हणतात बाप दुसराच कोणी असणार.

पांझराकाठ | १६ एप्रिल, रात्री ८:४५

सासूबाईंना सांगा, बाप तोच. लहानपणी सगळी तशीच असतात, रंग काही महिन्यांनी चढतो. काहींना कधीच चढत नाही.

गिरणेची_लेक | १६ एप्रिल, रात्री ९:०५

ताई, दोन राखून ठेवा माझ्यासाठी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येतेय अमळनेरलाच. माझ्या टाक्यातल्या जलपर्णीची दोन रोपं आणते तुम्हाला.

बोरीकाठ | १६ एप्रिल, रात्री ९:०९

ये गं नक्की, पिल्लं चार घेऊन जा. पण येताना रिकामा डबा आण. जलपर्णी राहू दे तुझ्याकडेच.

भरीतप्रेमी | १६ एप्रिल, रात्री ९:२०

भरताचं काय ठरलं मग?

बोरीकाठ | १६ एप्रिल, रात्री ९:३१

एप्रिलात कसलं भरीत? आखाजीला या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस आहे. मासे दाखवू, पण हौदात हात घालायचा नाही.